तयार ‘सुदिंग किट’: जेल पॅक कामाचा, सुरक्षा योजनेचा कागद कच्चा

स्वतःला इजा करण्याची ऊर्मी येणाऱ्यांसाठी हल्ली तयार ‘सुदिंग किट’, म्हणजे मन शांत करायला मदत करणाऱ्या वस्तूंच्या पिशव्या मिळतात. मानसोपचार चालू असलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होतो, पण पिशवी आली तशी वापरू नये. आधी थोडी निवडानिवड करावी लागते.

सगळ्यात कामाचा जेल पॅक. डोळ्यांखाली आणि गालांवर गार पॅक धरायचा, पुढे वाकायचं आणि १५ ते ३० सेकंद श्वास रोखायचा. पाण्यात बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, तसंच इथे होतं. डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीत, म्हणजे तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, हे मुद्दाम शिकवतात. उसंत मिळते ती काही मिनिटांचीच, तेवढ्यात सुरक्षा योजनेतली (ऊर्मी आली की क्रमाने काय करायचं ते आधीच लिहिलेला कागद) पुढची पायरी गाठायची. किटवरची सूचना मात्र अर्धवट असते. फ्रीझरमधला पॅक थेट कातडीला लावला तर कातडी पोळते, पातळ फडकं हवंच. हृदयविकार, मंद नाडी, खाण्याचे विकार असतील किंवा बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि पॅक पिशवीत पडून राहिला तर ऐन वेळी कोमट निघतो. त्याची जागा फ्रीजमध्ये.

काही किटमध्ये मनगटाला झटका द्यायचा रबर बँड येतो. तो सरळ काढून टाका. दुखवून ताण उतरवायचा, हीच सवय तो जिवंत ठेवतो. सुगंधी तेल काचेच्या बाटलीत देणाऱ्यांनी तर वापरणाऱ्याचा विचारच केलेला दिसत नाही. प्लॅस्टिकचा रोल-ऑन घ्यावा. स्ट्रेस बॉल ठीक. ‘जोरात व्यायाम करा’ हे कार्ड बहुतेकांना चालेल, पण लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी घाम गाळून शरीरात पाणी कमी पडू देऊ नये, रक्तातली लिथियमची पातळी वाढते. ५-४-३-२-१ चं कार्ड (दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक अशा मोजून मन भानावर आणायचं) चांगलं, फक्त अक्षर बारीक. ऊर्मी शिगेला असताना ते वाचवत नाही; मोठ्या अक्षरात पुन्हा लिहून काढा.

खरी निराशा करतो तो सुरक्षा योजनेचा कागद. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या योजनेत सहा पायऱ्या आहेत: धोक्याच्या खुणा, एकट्याने करायचे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि ठिकाणं, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर व हेल्पलाइन, आणि आसपास सुरक्षित करणं. किटच्या कागदावर चौकटी तीनच, आणि गाळलेली असते नेमकी शेवटची पायरी. इजा करता येईल अशा वस्तू आणि जास्तीची औषधं घरातल्या कुणाकडे तरी ठेवायला द्यायची, हे लिहिल्याशिवाय कागद अपुराच.

भरतानाही गडबड होते. ‘वाईट वाटतं’ ही खूण नव्हे. ‘जबडा आवळतो, मेसेजना उत्तर देणं बंद होतं’ ही खूण. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत तीच दोन नावं लिहिली जातात. खरं तर गप्पा मारायला वेगळं माणूस लागतं आणि ‘आज जमत नाहीये’ हे सांगायला वेगळं. कागद बऱ्या दिवशी, थेरपिस्टसोबत बसून भरावा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

जखम झाली असेल, गोळ्या जास्त गेल्या असतील किंवा मरण्याचा विचार पक्का होत असेल, तर किट उघडत बसू नये. कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. ही ओळ किटवर छापलेली नसते. आपल्या कागदाच्या वरच्या टोकाला ती स्वतः लिहा.