सेंद्रिय पॉलिमर बॅटरीत इलेक्ट्रोलाइट कोणता भरायचा?

लिथियम-आयन बॅटरीत इलेक्ट्रोलाइट म्हणजे हमाल: आयन इकडून उचलायचे, तिकडे पोचवायचे. पीटीएमएसारख्या, इलेक्ट्रोड म्हणून वापरायच्या सेंद्रिय पॉलिमरचं तसं नाही. चार्ज होताना त्यावर धन भार येतो आणि तो सांभाळायला द्रावणातले ऋण आयन आत ओढले जातात. समोरचा इलेक्ट्रोड धन आयन घेणारा असेल, तर द्रावणातला क्षारच घटत जातो. म्हणजे पुरेसा क्षार आधीच भरून ठेवावा लागतो, आणि तोच घातक असेल तर इलेक्ट्रोडच्या 'हिरवेपणा'ला अर्थ उरत नाही.

नेहमीचा पर्याय म्हणजे कार्बोनेट द्रावक आणि लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट. लिथियमच्या तुलनेत पीटीएमएचे सुमारे 3.6 व्होल्ट इथे सहज वापरता येतात. पण द्रावक पेट घेतो, आणि ओलावा शिरला की क्षारातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. शिवाय साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतील, तर पॉलिमर यात फुगतो, हळूहळू विरघळतोही.

पाण्यात साधं मीठ घातलं तर आग नाही, कोरडी खोली नको, आयनही कितीतरी चपळ. अडचण व्होल्टेजची: 1.23 व्होल्टच्या वर पाणी फुटण्याची शक्यता सुरू होते. येना विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये टेम्पो (पीटीएमएतलाच भार साठवणारा गट) आणि व्हायोलोजेन (समोरच्या बाजूचा भार साठवणारा गट) यांचे पॉलिमर मिठाच्या पाण्यात मुद्दाम विरघळवून फ्लो बॅटरी, म्हणजे द्रावण पंपाने फिरवणारी बॅटरी, चालवली. एकाची डोकेदुखी, दुसऱ्याची युक्ती!

त्याच वर्षी 'वॉटर-इन-सॉल्ट', म्हणजे पाण्यापेक्षा क्षारच जास्त असलेलं द्रावण, आलं. किलोभर पाण्यात 21 मोल लिथियम टीएफएसआय, आणि मर्यादा सुमारे 3 व्होल्टपर्यंत ताणलेली. कागदावर मोहक. पण हा क्षार महाग आणि फ्लोरिनयुक्त. शाश्वततेसाठी निघालेल्याने एवढा ओतावा, हे मला पटत नाही. आयनिक द्रव (साध्या तापमानालाच द्रव असलेले क्षार) बहुतेक पेटत नाहीत, पण दाट आणि महाग.

पॉलिइथिलीन ऑक्साइडचा घन इलेक्ट्रोलाइट गळत नाही, मात्र चांगला चालायला साधारण 60 अंश सेल्सिअसची ऊब मागतो. वाकणाऱ्या पातळ सेलला त्यापेक्षा सेल्युलोजचा जेल बरा.

एका जागी ठेवायच्या, वजनाची चिंता नसलेल्या साठ्यासाठी मी मिठाचं पाणीच घेईन. कमी जागेत जास्त ऊर्जा हवी असेल तर कार्बोनेटला पर्याय थोडे. मग पॉलिमरच्या साखळ्या आधी बांधून घ्या. कोणताही निवडलात तरी सेल जोडण्यापूर्वी पॉलिमरची फिल्म त्यात काही दिवस बुडवून ठेवा, मग कोरडी करून तिचं वजन घटलं का ते पाहा.