कोकण-गोव्याच्या हवेत कपाटाला कोणता बोर्ड?

मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात पावसाळाभर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत उघडं लाकूड स्वतःच्या वजनाच्या 16 ते 20 टक्के पाणी धरून बसतं. देशावर उन्हाळ्यात हेच प्रमाण 6-7 टक्क्यांवर उतरतं. घाटावर गुण्यागोविंदाने नांदलेलं फर्निचर घाटाखाली आणलं की पल्ले अडकायला लागतात ते यामुळेच. दुकानदार मात्र दोन्हीकडे एकच बोर्ड ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतो. खाली बाजारात मिळणाऱ्या बोर्डांबद्दल आमचं मत दिलं आहे. किमती रोज बदलतात, त्यामुळे आकडे दिलेले नाहीत.

पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ यांवर शब्द वाया घालवत नाही. घाटाखाली स्वयंपाकघर, बाथरूम किंवा बाहेरच्या भिंतीला टेकणारं कपाट, कुठेही ते लावू नका. दाबून बसवलेला भुसा एकदा पाणी प्यायला की सुटतो, आणि वाळल्यावर पुन्हा बसत नाही. ऑनलाइन मागवलेली तयार कपाटं बहुतेक याच मालाची असतात, हे विकत घेताना लक्षात ठेवा.

आता प्लाय. सांगाड्यासाठी, म्हणजे कपाटाच्या बाजू, तळ आणि फळ्यांसाठी, अजून याच्या तोडीचं काही नाही. पण ‘बीडब्ल्यूपी’ (उकळत्या पाण्यातही टिकणारा) एवढाच शिक्का पाहून पैसे देऊ नका. भारतीय मानक 303 हे साध्या वापराच्या प्लायचं, त्यात एमआर (ओल सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही वेळ सोसणारा) असे प्रकार येतात. 710 हे मरीन प्लायचं, आणि त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळतात. प्लायच घ्यायचा तर सिंकच्या कपाटाला आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला 710, बाकी खोल्यांत 303 चा बीडब्ल्यूआर, इतकं पुरतं. अख्ख्या घराला 710 म्हणजे पैशाची उधळपट्टी. एमआर मात्र घाटाखाली नकोच. त्यातला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद ओल आणि उष्णतेत हळूहळू तुटतो आणि पापुद्रे सुटतात. मरीन प्लायमध्ये फिनॉलचा गोंद असतो, तो पाण्याला दाद देत नाही.

फिनॉलच्या गोंदाची रेघ कडेला काळपट तपकिरी दिसते हे खरं, पण त्या रंगावर विश्वास नको. साध्या गोंदात रंग कालवून तीच रेघ आणता येते. शीटवरचा आयएसआय शिक्का आणि त्याखालचा सीएम/एल क्रमांक (परवान्याचा क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा, परवाना कुणाच्या नावावर आणि कोणत्या मानकाचा आहे ते लगेच दिसतं. मग शीटच्या कापलेल्या कडेकडे उभं राहून नीट बघा. आतल्या थरांत बोटाचं नख जाईल अशा फटी किंवा एकावर एक चढलेले थर दिसले तर तो माल परत. अशा पोकळीत स्क्रू फिरत राहतो आणि बिजागरी पहिल्याच वर्षी लोंबते. शेवटची परीक्षा घरची: चार इंची तुकडा मागून घ्या आणि साध्या पातेल्यात आठ तास उकळा, पाणी कमी झालं की उकळतंच घाला. थर सुटले तर 710 चा दावा तिथेच संपला. दुकानदार तुकडा द्यायला कां-कूं करत असेल तर उत्तर मिळालंच.

प्लायचा खरा दोष म्हणजे वाकणं, विशेषतः सहा-सात फुटी उभ्या पल्ल्यांत. एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू कोरी किंवा नुसती पॉलिश केलेली असली की कोरी बाजू ओल पिते, फुगते आणि पल्ला धनुष्यासारखा होतो. बाहेर 1 मिमीचा सनमायका तर आत 0.8 मिमीचा लायनर (आतून लावायचं पातळ लॅमिनेट) लागलाच पाहिजे. सुतार ‘आतून कुणाला दिसतंय’ म्हणेल, ऐकू नका. लांब पल्ल्यांना पाइनचा ब्लॉकबोर्ड (आत लाकडाच्या पट्ट्या असलेला) प्लायपेक्षा सरळ राहतो. मात्र तो फक्त पल्ल्यांनाच, आणि सिंकपासून लांब.

एचडीएचएमआर, म्हणजे एमडीएफच्याच जातीचा पण जास्त घट्ट दाबलेला आणि ओल सोसणारा बोर्ड, सध्या सगळीकडे रेटला जातो. चांगला माल आहे, पण अर्धीच गोष्ट सांगून विकला जातो. घनता साधारण 850 किलो प्रति घनमीटर, त्यामुळे 18 मिमीची 8 बाय 4 ची शीट 45 किलोच्या आसपास भरते. प्लायची तीच शीट 35 ते 40 किलो. पृष्ठभाग एकसारखा, आत फटी नाहीत, त्यामुळे राउटरने नक्षी काढायला आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्यायला प्लायपेक्षा कितीतरी सरस. स्वयंपाकघराच्या पल्ल्यांना आमची पहिली पसंती हीच. पण तो ओल सोसतो, पाण्यात राहण्यासाठी तो नाही. पाणी वरून जात नाही, जातं ते कडेतून आणि भोकांतून. बिजागरीच्या कपासाठी 35 मिमीचं भोक पाडतात ते कोरं राहतं. सिंकच्या नळ्या बाहेर काढायला मागे जे भोक पाडतात, त्याची कड तर भुसा सांडत तशीच सोडून देतात. वर्षभराने त्या भोकाभोवती वर्तुळात फुगवटा येतो आणि लॅमिनेट उचलतं. उपाय पाच मिनिटांचा आहे: प्रत्येक भोकाच्या कडेला पीयू सीलर किंवा पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन हात, मग नळीभोवती सिलिकॉन.

याची चाचणीही घरी होते. दोन इंची तुकड्याची जाडी व्हर्नियरने मोजा, 24 तास पाण्यात बुडवा, पुन्हा मोजा. 18 मिमीचा तुकडा 19 च्या आत राहिला तर उत्तम, 20 ला टेकला तर नाव काहीही असो, नको. आणि याच्या कडेत खिळा ठोकू देऊ नका, चीर जाते. 7 बाय 50 मिमीचा कन्फर्मॅट स्क्रू (बोर्ड जोडायचा जाड स्क्रू) असेल तर कडेत आधी 5 मिमीचं भोक हवं.

डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड. त्याबद्दल एक गोष्ट आधी. या नावाने बाजारात मिळणारे पुष्कळ बोर्ड नुसते पीव्हीसी फोमचे असतात, लाकडाचा भुसा त्यात नावालाच. ओलीच्या दृष्टीने ते वाईट नाही: फुगत नाही, बुरशी आत शिरत नाही, वाळवीला खायला काही नाही. सिंकखालचं कपाट आणि बाथरूमचं व्हॅनिटी युनिट (बेसिनखालचं कपाट) यांना बोर्डांत याच्यासारखं दुसरं नाही. पण फळी दोन फुटांपेक्षा लांब ठेवलीत आणि त्यावर डबे रचलेत तर मधोमध झोळ पडणारच. पीव्हीसी 75-80 अंशांना मऊ पडतं, म्हणून शेगडी आणि ओव्हनच्या शेजारी अजिबात नको. जड शीट म्हणजे चांगली शीट असंही इथे नाही. चुनखडीची भुकटी भरून वजन वाढवता येतं, आणि तसा बोर्ड कडेला स्क्रू घातला की तुकडा उडतो. दुकानातच कडेला स्क्रू घालून पाहा. लॅमिनेट चिकटवताना पाण्याचा साधा फेव्हिकॉल धरत नाही, कारण बोर्ड तो शोषत नाही. पृष्ठभाग 80 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून सिंथेटिक रबरचा गोंद दोन्हीकडे लावावा लागतो.

ओट्याखालच्या जागेसाठी मात्र जुनी पद्धत आम्हाला या सगळ्यांपेक्षा पटते: उभे-आडवे आधार कडप्प्याचे, तळ कडप्प्याचा, आत स्टीलच्या ट्रॉल्या, आणि बोर्ड फक्त पुढच्या पल्ल्यांना. मॉड्युलरवाले नाक मुरडतात, पण सिंक गळलं तरी सडायला तिथे काही नसतं. खर्चही बोर्डाच्या सांगाड्यापेक्षा वाढत नाही.

बोर्ड कितीही भारी असो, भिंत ओली असेल तर पाठ सडते. पाठीमागे अर्धा ते पाऊण इंच हवा राहू द्या आणि 6 मिमीची पाठही दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेली लावा. सांगाडा फरशीवर टेकवू नका, चार इंची पीव्हीसी पायांवर उचला, म्हणजे लादी पुसताना पाणी तळाला लागत नाही. कडेच्या पट्टीला मशीनने लावलेला पीयूआर (पॉलियुरेथेनचा) गोंद मिळत असेल तर तोच घ्या. साधा हॉटमेल्ट (वितळवून लावायचा गोंद) शेगडीच्या वाफेने सुटतो.

गावाकडचं घर पावसाळाभर बंद आणि गणपतीला उघडतं, असं ज्यांचं आहे त्यांनी कपाटाच्या पल्ल्यांना वर-खाली जाळीची भोकं ठेवावीत आणि आतली एकही बाजू कोरी सोडू नये. बुरशी लॅमिनेटवर आली तर पुसून निघते, कोऱ्या प्लायमध्ये ती मुरते. समुद्राजवळ बिजागऱ्या आणि स्क्रू 304 ग्रेडच्या स्टीलचे घ्या. झिंकचा मुलामा खाऱ्या हवेत टिकत नाही, आणि बोर्ड शाबूत असताना पल्ला गंजलेल्या बिजागरीतून निखळतो.

काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरका. नवं प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत सुतार बोलावू नका. शीट आल्या की त्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवू देऊ नका. फरशीवर तीन-चार लाकडी पट्ट्या टाकून त्यांवर सपाट रचा. कामाआधी दोन आठवडे त्या त्याच खोलीत राहिल्या तर आणखी चांगलं.