सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प घेणार असाल तर आधी हे वाचा, माझे ९६,५०० गेले

नवी मुंबईत कोणी पीव्ही ६५०५ प्लस या गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पचं हेड (स्पीकर नसलेला, नुसता अ‍ॅम्प्लिफायरचा डबा) विकत असेल, "कॅनडाला शिफ्ट होतोय म्हणून देतोय रे भावा" म्हणत असेल आणि तुम्ही पोचायच्या आधीच सगळं जोडून, अ‍ॅम्प गरम करून बसला असेल, तर चहासुद्धा पिऊ नका, सरळ परतीचं स्टेशन गाठा. माझे ९६,५०० रुपये गेलेत. ५,००० टोकन यूपीआयने, ५१,५०० घेताना यूपीआयने आणि ४०,००० रोख, कारण साहेबांना "पॅकर्सवाल्याला कॅश द्यायची होती". वर पुण्यापर्यंत टेम्पोचे ४,२०० वेगळे. आणि घरी आलं काय, तर ज्या आवाजासाठी लोक हे हेड घेतात तो घडवणारा पुढचा भाग, म्हणजे प्रीअ‍ॅम्पच मेलेलं एक जडशीळ खोकं.

आता कोणीतरी म्हणणारच की एवढे पैसे घालताना अभ्यास करायचा ना. केला होता हो, कॉलेजपासून दुसरं काय केलंय. मेसाचा ड्युअल रेक्टिफायर बघितला होता, तीन चॅनल, त्यातल्या दोनांवर रॉ, व्हिंटेज, मॉडर्न असे मोड, पण मॉडर्नवर खालचा बेस सैल पडतो आणि पुढे ट्यूब स्क्रीमर पेडल लावून आवळावा लागतो, मला ते नको होतं. मार्शलचा जेव्हीएम ४१० मित्राकडे वाजवलाय, चार चॅनल आणि प्रत्येकाला तीन मोड म्हणजे बारा आवाज, मस्त अ‍ॅम्प, पण ईएल३४ ट्यूबचा तो मिड्सवाला (मधल्या सुरांचा) करकरीतपणा आमच्या बँडला बसत नाही. ईव्हीएचचा ५१५० थ्री आवडला होता, ५० वॉटवाल्यात पहिल्या दोन चॅनलना इक्यू (बेस, मिड, ट्रेबलचे नॉब्ज) एकच, तेवढी एक कुरकुर, आणि किंमत. राहिला ६५०५. म्हणजे मूळ १९९२ चा गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनवाला ५१५०च, तो कंपनीपासून वेगळा झाल्यावर नाव बदललं, १९६५ ते २००५ कंपनीची चाळीस वर्षं म्हणून ६५०५. साध्या ६५०५ मध्ये ऱ्हिदम आणि लीड या दोन्ही चॅनलना इक्यू एकच, प्लसमध्ये दोन्हीला वेगवेगळा. क्रंचवर बेस कमी, लीडवर मिड्स जास्त असं ठेवायचं तर प्लसच हवा, आणि १२० वॉट, चार ६एल६ पॉवर ट्यूब, ड्रमर कितीही बडवू दे. म्हणजे काय घ्यायचं हे मला पक्कं माहीत होतं. तो फसवणारापण हेच ओळखून होता, ज्याला काहीच माहीत नाही त्याला ही ट्रिक लावताच येत नाही.

बोलणी १,१०,००० पासून सुरू झाली, ९६,५०० ला ठरली. फार स्वस्त असती तर मलाच शंका आली असती. खोलीत ४ बाय १२ चं कॅबिनेट, वर हेड, खाली पेडलबोर्ड, त्यावर मल्टीइफेक्ट (एकाच डब्यात सगळे इफेक्ट आणि अ‍ॅम्पचे नकली आवाज). मागे वायरींचा गुंता. तो बघून मला काही वाटलं नाही कारण फोर केबल मेथड आपण सगळेच करतो, गिटार पेडलमध्ये, तिथून पुढच्या इनपुटला, मागे सेंड आणि रिटर्न (प्रीअ‍ॅम्पचा आवाज बाहेर काढायचा आणि परत आत घालायचा जॅक). वायरी दिसणारच ना मागे. प्रत्यक्षात त्याने मल्टीइफेक्टमधून सरळ रिटर्नला वायर मारली होती आणि पुढच्या इनपुटला लावलेली वायर नुसती शोभेला. म्हणजे मी ऐकत होतो ते मल्टीइफेक्टमधलं अ‍ॅम्प सिम्युलेशन, हेडचा फक्त पॉवर सेक्शन, म्हणजे आवाज मोठा करणारा मागचा भाग, चालू होता.

आणि इथे तो क्षण. त्याने फूटस्विच दाबून क्लीन (न फाटलेला) आवाज ऐकवला. स्वच्छ, चमकदार, घंटेसारखा. अरे ६५०५ चा क्लीन असा असतो का कधी? ज्याने हे हेड एकदा वाजवलंय त्याला विचारा, गेन जरा वर गेला की ऱ्हिदम चॅनल फाटायला लागतो, जगभर लोक याच गोष्टीवरून नावं ठेवतात. मी काय म्हणालो माहितीये? "वा, क्लीन भारी आहे याचा!" आणि तो हसला. त्या हसण्याचा अर्थ मला एक्स्प्रेसवेवरसुद्धा कळला नाही. नंतर लीड. वाजवून तारांवर हात ठेवला तर पिनड्रॉप शांतता. हाय गेन लीड चॅनलवर एवढ्या व्हॉल्यूमला फस्सऽऽ असा हिस यायलाच पाहिजे, नाही आला तर कुठेतरी नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर कापणारा इफेक्ट) बसलाय. तेही कानावर आलं आणि गेलं. पुढच्या पॅनलवरचा चॅनलचा दिवा बदलतोय का हे तर बघितलंच नाही, कारण तो माझ्या आणि हेडच्या मध्ये वाकून "हे बघ, हे बघ" करत उभा.

गेन आणि इक्यूच्या नॉब्जवर मास्किंग टेप लावलेली. "माझी गिगची सेटिंग आहे, बाकी काय फिरवायचं ते फिरव." टेप तर आमचा बेसिस्टपण लावतो, त्यात चोरी कशी दिसणार? मी प्रेझेन्स फिरवला, आवाज बदलला. रेझोनन्स फिरवला, छातीत धक्का बसला. माझी खात्री पटली. हरामखोराने बरोबर तेवढेच दोन उघडे ठेवले होते, कारण प्रेझेन्स आणि रेझोनन्स पॉवर सेक्शनमध्ये असतात, रिटर्नमधून आलेल्या आवाजावरही चालतात. प्रीअ‍ॅम्पमधला मिड किंवा पोस्ट गेन फिरवला असता तर काहीच झालं नसतं आणि खेळ तिथेच संपला असता. ज्याला सर्किट कळतं अशा माणसाने ठरवून लावलेला सापळा आहे हा, यात कोणीही जाणकार अडकला असता, माझ्यासोबत आलेला मित्र माझ्यापेक्षा बरा गिटारिस्ट आहे आणि तोही मान डोलावत होता.

घरी गिटार थेट लावली. लीडवर मुकं, ऱ्हिदमवर लांबून आल्यासारखी खरखर. त्याला मेसेज केला तर "वाहतुकीत काहीतरी हललं असेल", मग "ट्यूब बदलून बघ", मग ब्लॉक. एका जाणत्या टेक्निशियनकडे नेलं, तपासायचे १,५००. प्रीअ‍ॅम्पच्या सहा १२एएक्स७ ट्यूबपैकी एक जागेवरच नाही, वरची पत्र्याची टोपी तेवढी नीट बसवलेली म्हणजे बाहेरून सहाच दिसणार. बोर्ड एका बाजूने जळून काळा, रिलेपाशी (आतल्या स्विचपाशी) कोणीतरी वायरी मारून जुगाड केलेला. ६एल६ चारही पेटत होत्या पण त्यातल्या दोन दमलेल्या. (ट्यूब लाल दिसते म्हणजे फक्त आतला हीटर चालू आहे, ती चांगली आहे असं नाही, हे डोक्यात पक्कं बसवा.) दुरुस्तीचा अंदाज ४१,०००. यात कंपनीचा काही दोष नाही, हे कुणीतरी जाळलेलं आणि लपवलेलं यंत्र आहे.

मग सुरू झाली सरकारी वरात. सायबर फ्रॉडच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला, बाईंनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "सर, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, वस्तू तुमच्या घरी आहे, मग यात सायबर फ्रॉड कुठे?" बँकेचं तेच, "ट्रान्झॅक्शन तुम्हीच ऑथराइज केलंय." चौकीत गेलो. "अ‍ॅम्प्लिफायर? डीजे लावता काय?" नाही साहेब, गिटारचा. "मग वाजत नाही तर दुरुस्त करा की." मी हवालदारांना इफेक्ट्स लूप (तेच सेंड-रिटर्न) समजावतोय, ते पेन आपटतायत, मागून एकजण विचारतोय गणपतीत किती घेता. मग वरचे साहेब म्हणाले ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. अहो, मेलेली वस्तू चालू आहे असं नाटक करून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? तर म्हणे व्यवहार तिकडे झाला, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेलो तर "पैसे पुण्याच्या खात्यातून गेले ना, मग पुण्यात द्या." झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो हे बोललो तर "वकील आहात का?" शेवटी साधा अर्ज घेतला, त्याच्या पोच शिक्क्यासाठीसुद्धा भांडावं लागलं. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन म्हणाली विकणारा व्यापारी नाही, खाजगी माणूस आहे, आमच्याकडे बसत नाही. आणि ज्या अ‍ॅपवर जाहिरात होती त्यांचा चॅटबॉट, त्याने तर "आपली समस्या सुटली आहे" म्हणून तिकीटच बंद केलं! माणसाशी बोलायची सोयच नाही. सगळ्यांकडे नंबर आहेत, पोर्टल आहेत, आणि प्रत्येकजण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो.

रोख देऊ नका. माझ्या ४०,००० चा कागदोपत्री काही पुरावाच नाही. त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या की सगळे चॅनल चालू आहेत, माझ्याकडे नुसतं "कंडिशन टकाटक" एवढंच आहे. हेड थंड असताना पोचा आणि स्वतः चालू करा. मागच्या सेंड-रिटर्नमधल्या वायरी स्वतःच्या हाताने काढा, तो नाही म्हणाला तर विषय संपला. मागचं व्होल्टेजचं लेबल वाचा, अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं असेल तर स्टेप डाउनशिवाय आपल्या २३० वर लावाल आणि बसाल. आत बघायची हौस असेल तर घरी उघडू नका, प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. आणि कॅबिनेटशिवाय कोणी "नुसतं पेटवून दाखवतो" म्हणाला तर त्याला थांबवा, ट्रान्सफॉर्मर जाईल.

हे आत्ता लिहायचं कारण असं की मित्राच्या मोबाइलवर त्याच भागातली नवी जाहिरात दिसली, यावेळी ड्युअल रेक्टिफायर, किंमत १,४०,०००, नाव वेगळं पण फोटोत फरशी तीच आणि नॉब्जवर तीच टेप. त्यात तीन चॅनल आहेत. कोणी बघायला जाणार असाल तर गिटार आणि एकच वायर घेऊन जा, थेट पुढच्या इनपुटला लावा, टेप उपटा, तिन्ही चॅनल आणि प्रत्येकाचे गेन, मिड, मास्टर फिरवून बघा. आणि त्याचा पत्ता लागला तर मला कळवा, अर्जाची शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे.