कियांतीच्या पांढऱ्या वाटा आणि भाड्याची ग्रॅव्हल बाइक

इटलीतल्या गायोले गावच्या भाड्याच्या सायकलींच्या दुकानात मला सगळ्यात आवडलं ते हे, की तिथल्या मेकॅनिकने माझ्या चाकांतली हवा काढली. मी वीस वर्षं डांबरी रस्त्यावर बारीक टायरची सायकल चालवलेला माणूस. टायर अंगठ्याने दाबायचा, दगडासारखा लागला की समाधान. इथे 40 मिलिमीटरचा जाडजूड टायर दाबला, थोडा दबला, तेव्हा म्हटलं अजून भरा. त्याने माझं वजन विचारलं (82 किलो), एकदा माझ्या पोटाकडे बघितलं आणि फुस्स करून होती तीही हवा काढली. हवेच्या दाबाचा काटा 2.2 बारवर थांबला. मी मनातल्या मनात त्याला वेड्यात काढलं. पुढचे चार दिवस रोज त्याचे आभार मानले.

इटलीतल्या तोस्कानात, कियांतीच्या डोंगराळ द्राक्षपट्ट्यात आम्ही बहीणभाऊ चार दिवस सायकलने फिरलो. सायकल दुकानाची, मुक्काम त्यांनी ठरवलेले, बॅगा गाडीने पुढच्या गावी नेणारेही तेच. वाट मात्र आपली आपण शोधायची, त्यासाठी ते नकाशाची फाइल फोनवर पाठवतात. माझी ग्रॅव्हल बाइक (खडीच्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल) दिवसाला 55 युरो, ताईची बॅटरीवाली 80. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी गिअरचं, कारण इथे जाणाऱ्याला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही. मी बुक केलेल्या सायकलला पुढे एकच 40 दात्यांची चकती आणि मागे सर्वांत मोठी 42 ची. कागदावर बरी वाटली होती. मेकॅनिक म्हणाला, दुसरी घ्या, पुढे 46 आणि 30, मागे 34 पर्यंत. हिशेब केला तर 30 ला 34 म्हणजे पायाला आणखी हलकं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. कियांतीत चढ लांबलचक नसतात, पण संपतच नाहीत. दोन किलोमीटर वर, एक खाली, पुन्हा वर. सपाटीचा तुकडा दिसला की समजायचं, आपण गावाच्या चौकात आलो. तेव्हा बुकिंग करताना रोजचे किलोमीटर विचारू नका. सर्वांत लहान गिअर कोणता, ते विचारा.

पहिला दिवस ब्रोलियोच्या किल्ल्याचा. डांबर सुटतं आणि सायप्रसच्या दुतर्फा रांगांमधून पांढऱ्या खडीचा रस्ता वर चढतो. हीच ती लेरोइकाची वाट. 1997 मध्ये 92 जणांनी सुरू केलेली ही जुन्या सायकलींची फेरी. आजही तिथे 1987 च्या आधीची सायकल लागते, गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या वायर उघड्या. लांबचा मार्ग 209 किलोमीटरचा, त्यावर बाराही महिने पाट्या लावलेल्या असतात. ही पांढरी वाट डांबराखाली जाऊ नये, हा त्या फेरीमागचा मूळ हट्ट होता. पहिल्याच वळणावर चाकाखाली तो चुरचुरणारा आवाज सुरू झाला आणि हट्ट पटला.

किल्ला रिकासोली घराण्याचा. त्यातले बेत्तिनो रिकासोली 1861 मध्ये इटलीचे पंतप्रधान झाले, आणि कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षं घालायची हे त्यांनीच 1872 मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं. ताई म्हणाली, "बघ, पंतप्रधान होऊनही माणसाने मळ्याकडे लक्ष ठेवलं." मला बोलायला दम नव्हता. ती बॅटरीचं बटण दाबून शिट्टी वाजवत पुढे गेली. हा प्रकार चारही दिवस चालला.

आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो, ऐन तोडणीत. लहान रस्त्यांवर द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या, मागे रसाचा ओला पट्टा, त्यावर गांधीलमाश्या. ट्रॅक्टरवाले सायकलला मुकाट वाट देतात. मोटारी तितक्या देत नाहीत, पण खडीच्या वाटेवर त्या भेटतात तरी किती.

तक्रार नंबर एक दुसऱ्या दिवशीची. कास्तेलनुओवो बेरार्देंगाच्या दक्षिणेला मळे मागे पडतात आणि क्रेते सेनेसीचे करडे मातीचे उघडे डोंगर सुरू होतात. रात्री पाऊस झाला होता. दुकानाच्या फाइलने आम्हाला पाटी असलेल्या वाटेवरून काढून शेताच्या कडेने जाणाऱ्या एका 'सुंदर' पायवाटेवर घातलं. ती माती खडीची नव्हे, चिकणमाती. शंभर मीटरांत चाक आणि त्याला धरणारा फ्रेमचा काटा (फोर्क) यांच्यामध्ये एवढा गोळा बसला की चाक फिरेचना. सायकल खांद्यावर घ्यावी म्हटलं तर ती दुप्पट जड झालेली. ताईची तर मोटर धरून पंचवीस किलोच्या आसपास. मदतीच्या नंबरवर फोन केला, वेळ दुपारचे सव्वा. घंटा वाजत राहिली. साडेतीनला त्यांचा फोन आला, अगदी गोड आवाजात. तोवर आम्ही ऑलिव्हच्या फांदीने माती खरवडून डांबरावर आलो होतो. जेवणाच्या वेळी दुकानं बंद असणं ही इथली रीत, मान्य. पण मदतीचा नंबर त्या वेळी बंद असेल तर तसं छापा तरी. आणि पावसानंतर कोणती वाट टाळायची हे फाइलसोबत एका ओळीत लिहिणं काही अवघड नाही.

तिसरा दिवस सगळं भरून काढणारा. आशानोहून उत्तरेला मोंते सांते मारीएची वाट, साडेअकरा किलोमीटर सलग पांढरी. स्त्रादे बियांके या व्यावसायिक सायकलपटूंच्या शर्यतीतला हा सर्वांत प्रसिद्ध टप्पा. ती शर्यत तीनदा जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलाराच्या नावाचा दगड आहे इथे. 2024 मध्ये स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचार शेवटाला 81 किलोमीटर बाकी असताना याच वाटेवर एकटा सुटला आणि कोणाला परत दिसला नाही. मीही एकटाच होतो, सगळे पुढे गेले म्हणून. चढ मध्येच 15 टक्क्यांच्या वर जातो. तिथे उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक सुटतं, बसून मारलं की पुढचं उचलतं. युक्ती अशी की खोगिराच्या टोकावर सरकून बसायचं आणि कोपर वाकवून छाती हँडलकडे न्यायची. उतारावर खडी पन्हाळी पत्र्यासारखी झालेली, दात वाजतात. 2.2 बार तिथे समजला. चार दिवसांत एकही पंक्चर नाही. पुढच्या टायरला एकदा काच लागली, टायरमधल्या सीलंटचा (भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) पांढरा थेंब आला, बंद झाला.

वाइनबद्दल थोडकं. बहुतेक वायनरींत आधी वेळ ठरवूनच जावं लागतं, आणि दुकानाने ठरवलेली भेट व्यवस्थित झाली. इथली वाइन कियांती क्लासिको म्हणवायला किमान 80 टक्के सांजोवेझे द्राक्ष लागतं, हे तिथेच कळलं. चाखून थुंकायचं भांडं समोर असतं, लाजू नका. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पुढे चढ आहेच. बाटल्या पाठीवर घेऊ नका, आमच्या बॅगांच्या गाडीत टाकता आल्या.

तक्रार नंबर दोन त्याच बॅगांची. शेवटच्या मुक्कामी त्या संध्याकाळी साडेसातला आल्या. तोवर धुळीने पांढरे झालेले आम्ही दोघं स्वागतकक्षात, खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून बसलेलो. ताईने मॅनेजरबाईंना खुणेने विचारलं, बसू का? त्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि आणखी दोन वर्तमानपत्रं आणून दिली.

वाल्याली ते राद्दा हा शेवटचा तुकडा सकाळी लवकर काढा. आम्ही नाश्त्याआधीच निघालो. कियांती क्लासिकोच्या बाटलीच्या गळ्यावरच्या काळ्या कोंबड्याची गोष्ट तेव्हा आठवली: फ्लोरेन्स आणि सिएना यांनी हद्द ठरवायला कोंबडा आरवल्यावर स्वार सोडायचे, ते भेटतील तिथे हद्द, असं ठरवलं, फ्लोरेन्सवाल्यांनी आपला कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटे आधीच आरवला, आणि बहुतेक कियांती त्यांची झाली. ताईला सांगितली. ती म्हणाली, "मग त्या कोंबड्याला शेवटी खायला दिलं की नाही?" राद्दाला पोचून तिने दोन कॉर्नेत्तो (इटालियन क्रोसाँ) खाल्ले.

सायकल परत करताना मेकॅनिकने चेन बघितली, काट्यातली सुकलेली करडी माती नखाने काढली आणि हसला. अनामत पूर्ण परत. चिकणमातीची कथा सांगितली तर त्याने फाइल बनवणाऱ्याला आतून बोलावलं आणि आमच्यासमोर इटालियनमध्ये बराच वेळ झापलं.

मेकॅनिकला पाचपैकी पाच, सायकलीला साडेचार (खोगीर माझं नव्हे), फाइलला दीड, मदतीच्या फोनला एक. ऑक्टोबरचा पहिला रविवार लेरोइकाचा, तो आठवडा गायोलेत खोली मिळायची आशा ठेवू नका. आणि पॅडल आपापली न्या, सायकलसोबत मिळतात ती ओल्या बुटाखाली सटकतात.