पत्र्याखालचा उकाडा आणि 81,700 रुपये

पत्र्याखालचा उकाडा घालवून देतो म्हणत दारावर आलेल्यांचा हिशोब असा: 24 इंची म्हणून विकलेले चार व्हेंटिलेटर, म्हणजे छपरावर फिरत गरम हवा बाहेर ओढणारे घुमट, 7,500 प्रमाणे 30,000. चकचकीत फॉइल 1,150 चौरस फूट, 38 रुपये दराने 43,700. बसवणी 8,000. एकूण 81,700 रुपये. अर्धे, म्हणजे 40,850, काम सुरू होण्याआधी यूपीआयने दिले आणि उरलेले पैसे काम संपलं त्या संध्याकाळी रोख. उकाडा होता तेवढाच राहिला आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला चारही भोकांतून माजघरात पाणी आलं. रत्नागिरी जिल्ह्यात कौलं उतरवून पत्रा घातलेली घरं हेरत ही माणसं मार्च-एप्रिलात दारोदार फिरतात, म्हणून आकड्यांसकट लिहितो आहे.

ऐकलं, कारण त्रास खरा आहे. मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून गरम हवा आपसूक बाहेर जायची. माकडं कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून आपण पत्रा घालतो. साप-उंदीर येऊ नयेत म्हणून वळचणीला पन्हळींत फोम ठासतो, खाली पीव्हीसीचं छत मारतो. मधल्या हवेला मग ना यायला वाट उरते ना जायला. वरचा फिरता व्हेंटिलेटर ही हवा ओढतो हे खरंच आहे, पण खालून तेवढीच हवा आत आली तरच. खाली फट नसेल तर चारांतले एक-दोन उलटे चालतात, बाहेरची हवा आत घेतात आणि पावसात तिच्याबरोबर तुषारही. फिरताना मात्र चारही छान दिसतात. फिरतोय म्हणजे ओढतोय असं नाही. व्हेंटिलेटरच्या गळ्याखाली, म्हणजे घुमटाखालच्या गोल तोंडाखाली, उदबत्ती धरा, धूर सरळ वर गेला पाहिजे.

साधा हिशोब असा. छताच्या क्षेत्रफळाच्या 150 व्या भागाइतकी उघडी जागा, अर्धी खाली वळचणीला आणि अर्धी वर आढ्याजवळ. 900 चौरस फुटांना 6 चौरस फूट, म्हणजे खाली 3, वर 3. खऱ्या 24 इंची गळ्याचं क्षेत्रफळ 3.14 चौरस फूट भरतं. एक पुरला असता! चार विकले, आणि वळचणीचा फोम तसाच ठेवला. दोन्ही वळचणी मिळून 60 फूट आहेत. एक इंचाची सलग फट ठेवली असती तर 5 चौरस फूट मोकळे झाले असते. तिथे 6 मिलिमीटरची जाळी मारा. मच्छरदाणीची बारीक जाळी नको, ती धुळीने आणि कोळिष्टकांनी बुजते.

आणि ते 24 इंचीही नव्हते. टेप माझ्या डोळ्यांसमोर लावला, तो घुमटाच्या फुगवट्यावर. माप गळ्याचं धरायचं असतं. गळा 18 इंची निघाला, म्हणजे 1.77 चौरस फूट, जवळपास 44 टक्के कमी. मी शेजारी शिडी धरून उभा होतो. तेवढं वाकून बघितलं असतं तर 30,000 तिथेच वाचले असते, हे अजून डोक्यातून जात नाही.

दुसरी खूण त्याहून ढळढळीत होती. सिलिकॉनची नळी फोडली तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट भपका आला. असा वास मारणारं सिलिकॉन काचेला ठीक, पत्र्याला नाही. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं. पत्र्याला न्यूट्रल सिलिकॉन लागतं. वास आला, मी विचारलंसुद्धा, "काका, सगळीकडे हेच वापरतात" असं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. का गप्प बसलो याला उत्तर नाही. अर्धे पैसे आधीच गेले होते, एवढंच म्हणता येईल.

भोकं आढ्यापासून चार फूट खाली, पाख्याच्या मध्ये पाडली, तीही ग्राइंडरने. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंगाचा थर जळतो आणि उडालेला किस पावसात गंजून डाग धरतो. पत्रा कात्रीने कापायचा. बेस प्लेटची, म्हणजे व्हेंटिलेटर ज्यावर बसतो त्या पत्र्याची, वरची कड आढ्याच्या टोपीखाली, म्हणजे आढं झाकणाऱ्या पत्र्याखाली, गेली पाहिजे, म्हणजे पाणी तिच्यावरून वाहून जातं. मध्येच बसवली की वरून आलेलं सगळं पाणी प्लेटमागे तुंबतं आणि अडवायला फक्त सिलिकॉन उरतं. पत्रा रोज तापून पसरतो, रात्री आकसतो. नुसतं सिलिकॉन त्यात किती टिकणार?

फॉइलची लबाडी मोजणीत होती. पैसे पाख्यांच्या 1,150 चौरस फुटांचे घेतले आणि अंथरलं खालच्या 900 चौरस फूट पीव्हीसीच्या छतावर. 250 चौरस फुटांचे 9,500 सरळ खिशात. पत्र्याखाली चकचकीत बाजू खाली करून, मध्ये इंचभर पोकळी ठेवून ते ताणायचं असतं. छतावर वर तोंड करून अंथरलं की धूळ बसते आणि चकाकीबरोबर उपयोगही जातो.

बिल घेतलं नाही. "बिल हवं तर 18 टक्के वर", म्हणजे 14,706 रुपये. कोकणात कितीजण हे भरतात ते आपण सगळे जाणतो, पण बिल घ्या. नाहीतर पुढचं हे असं होतं.

पोलीस ठाण्यात: "काम झालंय ना? मग दिवाणी बाब आहे." 18 इंची वस्तू 24 इंची म्हणून विकली, न अंथरलेल्या फॉइलचे पैसे घेतले, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318 आहे, ते ठाण्यात मी जाऊन सांगायचं? तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली नाही. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कराच्या कचेरीत बिल मागितलं. बिल दिलं नाही हीच तर तक्रार होती. ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार "समोरून उत्तर नाही" एवढ्यावर बंद झाली. समोरचा उत्तर देत असता तर मी फोन कशाला केला असता? चार कचेऱ्या, नऊ खेपा, आणि एकानेही छपरावर चढून टेप लावला नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं दरपत्रक आणि गळ्यावर टेप धरलेले फोटो जोडले. काम चालू असतानाचे फोटो काढून ठेवा, पाडलेलं भोक नंतर काही सांगत नाही.

दुरुस्तीला 21,400 गेले. चार पत्रे बदलले, दोन व्हेंटिलेटर आढ्याला टोपीखाली बसवले, वळचणीचा फोम काढून जाळी मारली. उरलेले दोन पडवीत ठेवलेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला. आयोगाची तारीख होईपर्यंत ते तिथून हलणार नाहीत.