हेड गॅस्केटचे १६ हजार घेतले, खराब होती फक्त रेडिएटरची कॅप

जुनी गाडी असेल तर हे वाचाच. मे महिन्यात घोडबंदर रोडला गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला. ठाण्यातला एक गॅरेजवाला बोलावला, त्याने इंजिन तापलेलं असतानाच ओलं फडकं टाकून कॅप फिरवली आणि फस्सकन कूलंट (इंजिन थंड ठेवणारं लिक्विड) वर उसळलं, नुसते बुडबुडे. "साहेब, कम्प्रेशन पाण्यात येतंय, हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील फाटून आतला गॅस कूलंटमध्ये शिरतोय, असं त्याचं म्हणणं. पोरं आत घामाघूम, मी हो म्हटलं. १६ हजार कॅश, बिल नाही.

तीन आठवड्यांनी परत तेच. यावेळी घणसोलीला मामाच्या ओळखीतल्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी आधी गाडी पार थंड होऊ दिली, मग कॅप काढून माझ्या हातात दिली, रबर कडक झालेलं आणि त्याला नखाएवढी चीर.

काका म्हणाले, कूलंट तापलं की फुगतं, कॅप साधारण १ बार प्रेशर धरून ठेवते म्हणून ते १०० च्या वर गेलं तरी उकळत नाही, जास्तीचं रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीत जातं आणि गाडी थंड झाली की तेच परत आत ओढलं जातं. रबर फाटलं की कूलंटऐवजी हवा आत जाते, म्हणजे बाटली फुल्ल दिसते आणि रेडिएटर मात्र खाली. मी रोज बाटलीच बघत होतो हो! आणि तापलेल्या गाडीची कॅप उघडली की प्रेशर एकदम जातं, मग चांगल्या गाडीतही कूलंट उकळून वर येतं. त्या माणसाने मला तेच दाखवलं होतं, आणि वाफेने हात भाजतो तो वेगळाच.

काकांनी कूलंटमध्ये इंजिनचा जळका गॅस येतोय का ते बघणारी निळ्या लिक्विडची टेस्ट केली, गॅस्केट गेलं असतं तर ते पिवळं झालं असतं, निळंच राहिलं. हेडच्या बोल्टांवर जुनी तेलकट धूळ जशीच्या तशी, पाना लागलाच नव्हता. म्हणजे गॅस्केट उघडलंच नाही! नवी कॅप ३०० रुपये, मग हीटर फुल्ल गरमवर ठेवून, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवून हवा काढली, गुडगुड करत लेव्हल खाली गेली तसं कूलंट भरत राहिले.

त्या गॅरेजवर गेलो आणि जुनं गॅस्केट मागितलं. "भंगारात दिलं," म्हणाला. तुम्हाला कोणी हेड गॅस्केट सांगितलं तर निळी टेस्ट समोर करायला लावा, जुना पार्ट आणि बिल घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि कॅप सकाळी थंड गाडीतच उघडून रबर बघा.