माझ्या नावाने गेलेला मेल

मी फ्रीलान्स हिशेब लिहिते. माझ्या एका क्लायंटला माझ्या नावाने मेल गेला: ‘पुरवठादाराचं बँक खातं बदललंय, या महिन्याचं बिल नव्या खात्यात भरा.’ बिल नंबर खरा, रक्कम शेवटच्या आकड्यापर्यंत खरी, खाली नावही मी लिहिते तसंच. मालकांनी पैसे भरले. पुरवठादाराने थकबाकीसाठी फोन केला, तेव्हा सगळा प्रकार उघडा पडला.

पाठवणाऱ्याचा पत्ता मी एकेक अक्षर लावून वाचला. माझ्या डोमेनमधल्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या भागातल्या, ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवले होते; rn पटकन m सारखंच दिसतं. मोबाइलवर बऱ्याचदा नुसतं नाव दिसतं, पत्ता दिसतच नाही.

पण बिलाची रक्कम चोराला कळली कुठून? क्लायंटच्या ऑफिसात कुणीतरी ‘तुमच्यासाठी फाइल शेअर केली आहे’ अशा लिंकवर मेलचा पासवर्ड टाकला होता. तेव्हापासून चोर आमचा सगळा पत्रव्यवहार वाचत होता. त्याने मेलबॉक्समध्ये एक नियमही लावला होता: माझा खरा मेल आला की तो ‘वाचलेला’ होऊन परस्पर आरएसएस फीड्सच्या, म्हणजे वेबसाइटवरच्या नव्या मजकुरासाठी असलेल्या, फोल्डरमध्ये जायचा. तिकडे कोण बघतं? मी पाठवलेली थकीत बिलांची यादी तिथेच पडून होती. नुसता पासवर्ड बदलून असा नियम जात नाही. तो शोधून काढून टाकावा लागतो, सगळीकडून लॉगआउट करावं लागतं, रिकव्हरी नंबर आणि जोडलेली ॲप्स तपासावी लागतात.

बँकेला लगेच कळवलं, पण रक्कम त्या खात्यातून पुढे गेली होती. मालक संतापून ते मेल डिलीट करायला निघाले होते, त्यांना मी थांबवलं. तक्रारीसाठी मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून, कसा आला याच्या तांत्रिक नोंदीसकट) लागतो, स्क्रीनशॉट पुरत नाही.

मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. त्या मेलबॉक्समध्ये पगारपत्रकं होती, कर्मचाऱ्यांचे खाते क्रमांक आणि ओळखपत्रांच्या प्रती होत्या. या माणसांचा व्यवहाराशी काही संबंध नव्हता. मालकांच्या मागे लागून प्रत्येकाला कळवायला लावलं. एका बाईंनी विचारलं, “मग आता मी काय करू?” खात्याचे अलर्ट चालू ठेवा आणि तुमची माहिती सांगून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवा, एवढंच मला सांगता आलं.

तुम्ही हे काम करत असाल तर खातं बदलल्याचा मेल कुणाचाही असो, जुन्या फाइलमधल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नको. क्लायंटलाही लेखी सांगून ठेवा की खातेबदल मी फक्त मेलवर कळवणार नाही. पेमेंट तयार करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे दोघांच्या ऑफिसातही पाळता येतं. मालकाचा बँक पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे घेऊ नका. फक्त बघण्यापुरतं वेगळं लॉगिन मागा, नंतर संशयाचं बोट तुमच्याकडे वळत नाही. पगारपत्रक मेलला जोडू नका, नावानिशी परवानगी दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. मेलला टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. आणि काम संपलं की तुमचा प्रवेश बंद केल्याचं क्लायंटकडून लिहून घ्या. जुन्या हिशेबनिसाचं लॉगिन वर्षानुवर्षं चालू राहिलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलंय.